नदीचा उतार आणि नगराचा अधिकार : पैठणविषयी एक विवेचन

१. प्रश्नाची मांडणी

पैठण गोदावरीकाठी का वसले, असे विचारले तर पुष्कळांना तो प्रश्नच वाटत नाही. नदी आहे, पाणी आहे, काळी जमीन आहे, गाव वसायचेच. पण ही कारणे पैठणपुरती नाहीत. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीपासून पूर्व समुद्रापर्यंत गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहते. पाणी सगळीकडे आहे, काळी जमीन कित्येक ठिकाणी आहे आणि नदीचे पावित्र्य तर उगमापासून मुखापर्यंत मानलेले आहे. जे कारण शंभर गावांना लागू पडते, ते एकाच गावाचे मोठेपण समजावून सांगू शकत नाही.

दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे. सातवाहनांचे राज्य इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात संपले. राजधानी गेली, परदेशी व्यापार ओसरला. तरीही पुढची हजार-बाराशे वर्षे ‘पैठणचे काय म्हणणे आहे?’ या प्रश्नाला वजन राहिले. सत्ता आणि बाजार दोन्ही गेल्यावर हे वजन कशावर टिकले?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. पैठण नदीच्या प्रवाहामुळे वाढले नाही, नदीच्या उतारामुळे वाढले. उतार म्हणजे नदी पायी किंवा गाडीने ओलांडण्याजोगी जागा. जिथे सर्वांना थांबून पार व्हावे लागते, तिथे पार होणाऱ्याची तपासणी होते, मोजमाप होते, त्याच्यावर शिक्का बसतो. पैठणला ही सवय बाजारात लागली आणि पुढे ती भाषा, कालगणना आणि धर्मनिर्णय यांतही उतरली.

२. नाव

संस्कृत ‘प्रतिष्ठान’, प्राकृत ‘पतिट्ठान’ किंवा ‘पइट्ठाण’ आणि मराठी ‘पैठण’ ही साखळी सरळ आहे. ‘प्र’मधला ‘र’ गळाला, ‘ष्ठ’चा ‘ट्ठ’ झाला, मधला ‘त’ झिजून ‘प’ला ‘इ’ चिकटली आणि ‘पै’ झाले. हजारो जिभांनी रोज उच्चारलेले नावच असे झिजते.

मात्र जुन्या ग्रंथांत ‘प्रतिष्ठान’ दिसले की ते पैठणच, असे धरून चालत नाही. गंगा-यमुनेच्या संगमासमोर, आजच्या झूंसीच्या जागी, दुसरे प्रतिष्ठान होते आणि पुराणांतल्या पुरूरव्याची राजधानी म्हणून सांगितले जाते ते हेच. स्थलमाहात्म्य लिहिणाऱ्यांनी दोन्ही प्रतिष्ठानांची पुण्याई एकाच खात्यात जमा केली. विवेचकाने ती वेगळी काढली पाहिजे. आपल्या प्रतिष्ठानाची ओळख पटवायची असेल तर ‘गोदावरी’ किंवा ‘मूळक’ देश यांचा उल्लेख सोबत आहे का, हे पाहणे बरे.

३. भूमी आणि वाटा

गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. दख्खनचा जुना समुद्रव्यापार मात्र पश्चिमेच्या बंदरांशी होता: भडोच, सोपारा, कल्याण, चौल. म्हणजे मालाला जायचे होते एका दिशेला आणि पाणी वाहत होते उलट्या दिशेला. पात्र खडकाळ, उन्हाळ्यात पाणी रोडावते, पावसाळ्यात पूर येतो. अशा नदीतून माल वाहून नेता येत नाही. नावेचा उपयोग या तीरावरून त्या तीरावर जाण्यापुरता. इथला माल बैलांच्या खांद्यावरून चालला.

पाली ‘सुत्तनिपाता’च्या पारायणवग्गात बावरी नावाच्या गोदावरीकाठी राहणाऱ्या ब्राह्मणाची कथा आहे. त्याचे शिष्य बुद्धाला भेटायला उत्तरेकडे निघतात. त्यांच्या प्रवासातले मुक्काम क्रमाने दिले आहेत: आधी पतिट्ठान, मग माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत आणि श्रावस्ती. कथेचा धार्मिक भाग बाजूला ठेवला तरी मुक्कामांचा हा क्रम नकाशावर बरोबर बसतो. उत्तर भारतातून येणाऱ्या दक्षिणापथाचे गोदावरीवरचे ठाणे पैठण होते.

दुसरी वाट पश्चिमेची. कोकणातून नाणेघाट चढला की जुन्नर, तिथून प्रवरेकाठचे नेवासे, मग पैठण. नाणेघाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे आणि लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात ह. धी. सांकलिया यांनी केलेल्या उत्खननात रोमन जगाशी संबंध दाखवणारे मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. समुद्रावरून आलेली वस्तू घाट चढून गोदेच्या खोऱ्यात कुठवर शिरली, याची ती खूण आहे.

तिसरी वाट आग्नेयेकडे तेरला, म्हणजे जुन्या तगरला जाते. या तीन वाटांपैकी उत्तरेची वाट उरलेल्या दोहोंना जोडायची तर गोदावरी आडवी येते आणि कुठेतरी ओलांडावीच लागते.

हा अडसर किती खरा होता, हे फार नंतरच्या एका प्रसंगातून दिसते. १७६३ च्या ऑगस्टमध्ये पैठणच्या खाली राक्षसभुवनला निजामाचे अर्धे सैन्य नदीपार गेले होते आणि विठ्ठल सुंदरच्या हाताखालचे उरलेले अलीकडच्या तीरावर अडकले होते. मराठ्यांनी नेमके त्या अडकलेल्या सैन्याला गाठले. भर पावसाळ्यात गोदावरी एखाद्या फौजेचे दोन तुकडे करू शकते. मग जिथे ती बिनघोर ओलांडता येते, त्या जागेची किंमत काय असेल, हे वेगळे सांगायला नको.

४. बाजार

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. त्यात दख्खनच्या अंतर्भागातल्या दोन बाजारपेठा ठळकपणे येतात. पैठण भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर तिथून पुढे दहा दिवसांवर. माल गाड्यांतून, रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून भडोचला येतो, असे तो लिहितो. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरते. घाट आणि वळणे धरली तर बैलगाडीची दिवसाची मजल वीस-बावीस किलोमीटरची पडते. हिशेब जुळतो. माहिती ऐकीव असेल, पण ती गाडीवानाकडून आलेली आहे.

इथे एक रूढ समजूत तपासून घेतली पाहिजे. ‘पेरिप्लसमध्ये पैठणीचा उल्लेख आहे’ असे वारंवार लिहिले जाते. मूळ मजकुरात कापडाचे निरनिराळे प्रकार तगरच्या नावावर आहेत. पैठणहून मोठ्या प्रमाणात जातो तो अकिकाच्या जातीचा दगड. भूगर्भाच्या दृष्टीने हे अगदी स्वाभाविक आहे. दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांचा बनला आहे. त्यातल्या पोकळ्यांत गारगोटीच्या कुळातले रंगीत दगड तयार होतात आणि खडक झिजला की ते नदीच्या वाळू-गोट्यांत येतात. पैठणच्या पांढरीत आणि आसपासच्या जुन्या वस्त्यांत दगडी मणी सापडत आले आहेत, त्याचे कारण हेच. पैठणचा पहिला विख्यात माल रेशमाचा नव्हता, दगडाचा होता.

या बाजारातली माणसेही आपल्याला थोडीफार दिसतात. कन्नडजवळच्या सातमाळा डोंगरात पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या स्तंभांवर दानलेख कोरलेले आहेत. एक दान पैठणच्या मितदेवाचे आहे आणि तो गंधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापारातला. दुसरे दान पैठणच्याच संघकाच्या मुलांचे. पितळखोरा पठारावरून खानदेशात उतरण्याच्या टोकावर आहे. पैठणचा अत्तरवाला तिथे खांब देतो, तो रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर देतो. राजांच्या प्रशस्तीपेक्षा अशी एक ओळ नगराविषयी अधिक खरे सांगते.

५. राजधानी आणि शिक्का

सुमारे इ.स. १५० मध्ये लिहिणारा टॉलेमी पैठणला ‘सिरोप्टोलेमायोस’ राजाची राजधानी म्हणतो. हा श्री पुळुमावी, गौतमीपुत्र सातकर्णीचा मुलगा. नाशिकच्या लेण्यात त्याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी आजी गौतमी बलश्रीने कोरवलेल्या लेखात गौतमीपुत्राच्या सत्तेखालच्या देशांची यादी आहे. तीत अश्मक आहे, विदर्भ आहे, अपरांत आहे आणि पैठणचा मूळकही आहे.

राजधानीमुळे नगर मोठे झाले, असे म्हणावे काय? इथे अन्वय-व्यतिरेक लावून पाहू. राजधानी असताना नगर मोठे होते, हा अन्वय झाला. राजधानी गेल्यावर नगर लोपले असते तर व्यतिरेकही साधला असता. तसे घडले नाही. राष्ट्रकूट गोविंद तिसरा याचा शके ७१६ चा (इ.स. ७९४) ताम्रपट पैठणला मिळाला आहे, यादव रामचंद्राचा शके ११९३ चा (इ.स. १२७१) ताम्रपटही तिथलाच. गेल्या शतकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात सातवाहनोत्तर काळातल्या विटांच्या मंदिरांचे अवशेष उघडे पडले. यादवांची राजधानी जवळच देवगिरीला असतानाही पैठण चालूच राहिले. तेव्हा राजधानीपण हे पैठणच्या मोठेपणाचे फळ होते, मूळ नव्हते.

सातवाहनांनी या नगराच्या स्वभावात एका गोष्टीची भर मात्र नक्की घातली. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. नाणी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप वरून मारलेला आहे. शत्रूचे चलन वितळवले नाही, त्यावर स्वतःची मोहोर उठवून ते चालू ठेवले.

कालगणनेचेही असेच झाले. इ.स. ७८ पासून मोजला जाणारा शक पश्चिम क्षत्रपांच्या लेखांतून आणि नाण्यांतून चालत आला. जुने लेख त्याला शकराजांचा काळ म्हणतात. ‘शालिवाहन’ हे नाव त्याला कित्येक शतकांनी जोडले गेले. मग कुंभाराच्या घरी वाढलेला, मातीच्या सैन्यात प्राण फुंकणारा पैठणचा शालिवाहन गुढीपाडव्याच्या कथेत येऊन बसला. इतिहास म्हणून ही कथा टिकत नाही. पण शकांची कालगणना चालू ठेवून तिच्यावर पैठणच्या राजाचे नाव उमटवणे आणि नहपानाच्या नाण्यावर गौतमीपुत्राचा छाप मारणे, या दोन्हींमागची बुद्धी एकच आहे.

जैन परंपराही पैठणला असाच अधिकार देते. कालकाचार्य पैठणला असताना पर्युषणातली भाद्रपद शुद्ध पंचमी इंद्रोत्सवाच्या आड आली. सातवाहन राजाच्या विनंतीवरून आचार्यांनी ती चतुर्थीवर आणली, असे सांगतात. श्वेतांबरांत चतुर्थीची संवत्सरी रूढ झाली, तिचा धागा पैठणच्या या कथेपर्यंत पोचतो.

६. भाषा

सातवाहन वैदिक यज्ञ करीत. नागनिकेचा लेख यज्ञांनी आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांनी भरलेला आहे. पण तोच लेख संस्कृतात नाही, प्राकृतात आहे. कर्म वेदाचे आणि भाषा लोकांची, हा पैठणच्या संस्कृतीतला ताण इथेच सुरू होतो.

हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ महाराष्ट्री प्राकृतात आहे. तिच्यात राजसभा फारशी नाही. गोदेचा काठ आहे, शेते आहेत, पाटलाच्या घरची माणसे आहेत, वाटसरू आहेत, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका आहेत. वाटसरू आणि विरहिणी वारंवार येतात, त्याचे एक साधे कारण म्हणजे हा मुलूख वाटांचा होता. घरचा पुरुष चार-चार महिने गाडीबरोबर गेलेला असेल, तर त्या गावची कविता विरहाचीच होणार.

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त सातवाहन राजाची एक गोष्ट आहे. जलक्रीडेत राणी म्हणते, ‘पाणी मारू नका’. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी राजाला कळत नाही आणि तो मोदक मागवतो. खजील झालेल्या राजाला गुणाढ्य सहा वर्षांत व्याकरण शिकवायला तयार होतो, शर्ववर्मा सहा महिन्यांत. शर्ववर्मा जिंकतो. पणात हरलेला गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडतो, पैशाचीत ‘बृहत्कथा’ लिहितो, राजा ती नाकारतो आणि कवी एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळत सुटतो. गोष्ट काल्पनिक आहे. तिच्यातला संघर्ष काल्पनिक नाही. कोणती भाषा प्रतिष्ठित आणि कोणती नाही, हे ठरवणारे दरबार म्हणून लोकांनी पैठणची आठवण ठेवली.

७. निर्णयपीठ

मध्ययुगात पैठणला ‘दक्षिण काशी’ म्हणू लागले. जकातनाक्याचे धर्मपीठ झाले, असे म्हटल्यास ते थट्टेचे वाटेल, पण रचना तीच आहे. विठ्ठलपंतांचे कूळ पैठणजवळच्या आपेगावचे. संन्यास सोडून गृहस्थ झालेल्या बापाची मुले म्हणून आळंदीकरांनी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता यांना पैठणचे शुद्धिपत्र आणायला सांगितले, अशी परंपरा आहे. नागघाटावर रेड्याच्या मुखी वेद आले, ही कथाही तिथलीच. चमत्काराचा भाग ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडू. समाजशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की आळंदीचा प्रश्न आळंदीत सुटत नव्हता. कागद पैठणचा लागत होता. पुढे १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. पैठण, नेवासे, जुन्नर या जुन्या व्यापारी वाटेवरचेच ते गाव.

तीन शतकांनी ही बाजू एका परीने उलटली. पैठणच्याच एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठी टीका लिहायला घेतली आणि शके १४९५ मध्ये (इ.स. १५७३) ती काशीत पुरी केली. मराठीत लिहिले म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांना बोलावून घेतले, असे परंपरा सांगते. शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. म्हणजे ज्या नगराने ज्ञानदेवांकडे शुद्धीचा पुरावा मागितला, त्याच नगरातल्या माणसाने ज्ञानदेवांच्या ग्रंथाला शुद्धी दिली. नाथांच्या भारुडांत जोशी, गोंधळी, भुत्या, महार अशी सगळी माणसे बोलतात. घाटावर आणि बाजारात रोज कानी पडणारे आवाज त्यांनी ग्रंथाच्या पंक्तीला बसवले.

पैठणचा अधिकार याच शतकात बाहेरही गेला. इथल्या भट्ट घराण्यातले रामेश्वरभट्ट काशीला गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी तीर्थयात्रेवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. वंशातल्या कमलाकरभट्टांचा १६१२ चा ‘निर्णयसिंधु’ आजही व्रतवैकल्यांच्या तिथी ठरवताना उघडला जातो. याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडी आले. राजाला मान्यता देण्यासाठी काशीहून बोलावलेल्या पंडिताच्या कुळाचे मूळ गाव पैठण होते.

८. वस्त्र

आता पैठणीकडे वळू. तिचे वेगळेपण विणीत आहे. काठ आणि पदर यांतल्या नक्षीसाठी प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या कांडीवर असतो आणि तो आपल्या हद्दीपुरताच फिरून शेजारच्या धाग्यात अडकवला जातो. त्यामुळे मागच्या बाजूला मोकळे धागे लोंबत नाहीत. उलट आणि सुलट दोन्ही बाजूंनी मोर तेवढाच नीट दिसतो. काम वेळखाऊ, म्हणून कापड महाग. पेशव्यांपासून निजामापर्यंत श्रीमंत गिऱ्हाईक लागले ते त्यामुळे.

पण आज पैठणी सर्वाधिक विणली जाते ती येवल्यात. माग येवल्याचा, नाव पैठणचे आणि भौगोलिक मानांकनही याच नावाने. एकेकाळी दगड इथून जात, कापड तगरहून येई आणि दोन्हींचा व्यवहार पैठणला होई. आता मालही इथला असायला हवा असे नाही, नाव पुरते. शिक्का मालापासून सुटून स्वतंत्रपणे चालू लागला, याचे इतके स्वच्छ उदाहरण मराठी मुलखात दुसरे सापडणे कठीण.

९. धरण आणि उपसंहार

१९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी तो राष्ट्राला अर्पण केला. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध, २७ दरवाजे आणि सुमारे १०२ अब्ज घनफूट पाणी साठवणारा नाथसागर पैठणच्या अंगावरच उभा राहिला. वरच्या बाजूची अनेक गावे पाण्याखाली गेली. नदी कधी उतार देणार, हे आता पाऊस एकटा ठरवत नाही. दरवाजेही ठरवतात.

उतार संपला म्हणून प्रतिपादन संपते का? उलट त्याला शेवटची पुष्टी मिळते. गोदावरी खोऱ्यातल्या समन्यायी पाणीवाटपाचा वाद वाढल्यावर २०१४ च्या आदेशाने एक रेघ ठरली. १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या धरणांनी पाणी सोडायचे. तेव्हापासून पावसाळा सरत आला की नाशिकचा द्राक्षबागायतदार आणि राहुरीचा ऊसवाला पैठणचा आकडा पाहू लागतो.

वरून येणारी गोष्ट पैठणला अडते, मोजली जाते आणि मगच पुढे जाते. बैलगाडीतल्या दगडांचे असे झाले, नहपानाच्या नाण्यांचे झाले, आळंदीच्या चार पोरांचे झाले. ज्या पाण्यातून हे सगळे पार झाले, त्या पाण्याचीच आता पाळी आहे.